पंच क्रमांक दोन

कोपरखैरण्याच्या कॉलेजात, तिसऱ्या मजल्यावर,
दिवसा जिथे अकाउंट्सचा वर्ग भरतो
तिथे सातनंतर आम्ही एकवीस जण
सार्वजनिक सुरक्षा शिकतो.
फळ्यावर घसाऱ्याचं गणित तसंच असतं.
कुडतरकर सर ते पुसत नाहीत,
उरलेल्या जागेत लिहितात : पंचनामा.

सदतीस वर्षं खात्यात, हवालदार म्हणून निवृत्त.
आज त्यांनी टेबलाखाली एक छत्री टाकली,
शेजारी उलटी चप्पल, कुंकू कालवलेलं थोडं पाणी,
आणि म्हणाले, लिहा.
दिसतं तेवढंच. 'बिचारी' लिहायचं नाही.
'रक्त' नाही, रक्तासारखा दिसणारा लाल डाग.
छत्रीची मूठ कुठल्या दिशेला?
आम्ही सगळे खिडकीकडे बघू लागलो.
पारसिकचा डोंगर ज्या अंगाला, ती पूर्व, सर म्हणाले.
सोहेल मुकादम म्हणाला, सर, रात्री डोंगर दिसत नाही.
दिवसा बघून ठेवायचा.

मग पंच. दोन हवेत.
स्वतंत्र, प्रतिष्ठित, त्याच वस्तीतले,
ज्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.
'स्वतःच्या'खाली त्यांनी दोन रेघा ओढल्या, खडू मोडला.
प्रतिष्ठित म्हणजे कोण, सर?
हाक मारली की येतो तो.
वर्ग हसला.
मी वही मिटली.

तुर्भे नाक्यावर आप्पांचं टायरचं दुकान.
दुकान म्हणजे कंप्रेसर, अर्धी कापलेली पाण्याची टाकी,
वर निळी ताडपत्री. पलीकडे चौकी.
लहानपणी मला वाटे, पंच हे पंक्चरचंच लाडाचं नाव,
कारण कोणीतरी मोटरसायकलवरूनच ओरडे,
'इंगवले, चल, पंच हो'
आणि आप्पा हात पुसत जात,
ट्यूब पाण्यात तशीच, बुडबुडे सोडत.
काय होतं, आई विचारे.
काही नाही, सही होती.

आज जेवताना मी विचारलं,
किती वेळा गेलात?
मोजलं नाही.
काय काय बघितलंत?
ते बराच वेळ आमटीकडे बघत राहिले.
एकदा एक सायकल बघितली. लाल. ती खरी होती.
बाकी?
बाकी कागद.
तुला बालवाडीत पाटी घेतली ना,
तिच्यावरच मी सही शिकलो.
सही बरी यायला लागली
आणि बोलावणी वाढली.

शेवटी एकदा कोर्टात उभं केलं, बेलापूरला.
वकील म्हणाला, चाकू निघाला तेव्हा तुम्ही कुठं होता?
मी म्हणालो, साहेब,
माझे दोन्ही हात तेव्हा ट्रकच्या चाकात होते.
म्हणून?
म्हणून फितूर.
असंच म्हणाले. पंच फितूर झाला.
त्यांनी तो शब्द असा उच्चारला
की जणू अजून खिशात असलेली पावती.

पुढच्याच आठवड्यात पालिकेची गाडी आली
आणि ताडपत्री घेऊन गेली.
ते वर्ष मला आठवतं. मी चौथीत होते.
सहलीला गेले नव्हते, पाय मुरगळला असं सांगितलं होतं.

घरचा अभ्यास : कुठल्याही एका खोलीचा पंचनामा.
ताटं उचलल्यावर मी लिहायला बसले.
आज रोजी, रात्रौ दहा वाजून चाळीस मिनिटांनी,
सदर खोली दहा बाय बारा,
भिंतीस फिकट हिरवा रंग, ठिकठिकाणी पोपडे,
दरवाजा –
पूर्व कुठंय?
मोरीकडं, आप्पा न बघता म्हणाले.

पंच क्रमांक एक, आई. धंदा, घरकाम.
तिनं सही करून टाकली, दूध लावायचं होतं.
पंच क्रमांक दोननी चष्मा मागितला.
ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत,
मध्येच उठून भिंतीचे पोपडे बघून येत
त्यांनी दोन्ही पानं वाचली.
पेन उघडं, हातात.
मग म्हणाले,
नळ गळतोय. ते लिहिलं नाहीस.